गाडी न येणारा रस्ता

नोव्हेंबर लागला की शारजातल्या अल नहदामध्ये एका सकाळी एसी बंद होतात. दिवस कुणी ठरवत नाही, पण त्या सकाळी जाग येते ती शांततेनेच. एप्रिलपासून कानात गुरगुरणारा आवाज गेलेला असतो, समोरच्या टॉवरच्या भिंतीवरून ठिबकणारं पाणी थांबलेलं असतं, आणि बाथरूममधल्या गार पाण्याच्या नळाला खरोखर गार पाणी येतं. उन्हाळ्यात इथे सगळं उलटं असतं. गच्चीवरच्या टाक्या तापतात, गार नळाचं पाणी अंग भाजतं, म्हणून लोक गीझर बंद ठेवून त्यातलं निवलेलं पाणी आंघोळीला घेतात. नोव्हेंबरात गीझर पुन्हा गीझर होतो. खिडक्या उघडतात. शेजारच्यांची लसणाची फोडणी कित्येक महिन्यांनी आपल्या घरात येते. खाली उभ्या असलेल्या गाड्यांवर दव पडतं आणि धुळीत मिसळून त्याचे तपकिरी ओघळ होतात.

सगळे खूश असतात. लिफ्टमध्ये अनोळखी माणसंही "काय मस्त वेदर आहे, काका" असं म्हणतात. मी हो म्हणतो. मला हा ऋतू सोसत नाही. इथले उन्हाळे मी वर्षानुवर्षं काढले, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. उन्हाळ्यात माणूस दारं लावून बसतो आणि बाहेरचं काही आत येत नाही. थंडीत दारं उघडावी लागतात.

यंदा तर दारातच सायकल उभी आहे. निवृत्तीनंतर मी आणि माझी बायको सुलभा पुण्याला राहायला गेलो, पण दर हिवाळ्यात इथे मुलीकडे येतो. मुग्धा दुबईत नोकरी करते आणि राहते शारजात, जसे आम्ही राहिलो. सायकल तिची. तिला सायकल म्हटलेलं मुग्धाला चालत नाही. "ग्रॅव्हल बाइक आहे बाबा." खडीवर, मुरमावर चालवायची, जाड टायरची. मे महिन्यात ती आणि तिच्या ऑफिसातल्या मैत्रिणी फ्रान्सला जाणार आहेत. तिथे म्हणे शेतांमधून, खेड्यांमधून असे रस्ते आहेत की जिथे मोटारींना येऊच देत नाहीत. बारीक खडीचे, कालव्यांच्या कडेचे, रूळ काढून टाकलेल्या जुन्या रेल्वेमार्गांवरचे. "नो कार्स, बाबा. लिटरली नन. कॅन यू इमॅजिन?"

मी कल्पना करू शकतो. त्या रस्त्यांवरची गावं मला क्रमाने पाठ आहेत. मी तिथे कधी गेलेलो नाही, आणि जी जाणार होती तिला मी जाऊ दिलं नाही. एवढं एक वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली, याचा राग कुणावर काढायचा ते कळत नाही.

२००८ चा हिवाळा. लोक आता त्याच्या गोष्टी सांगतात. इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत कुणीतरी नव्याने आलेल्या जोडप्याला ऐकवत असतो, की तुम्ही काय पाहिलंय, आम्ही मंदी पाहिली. मग कर्जं थकवून पळालेल्यांनी विमानतळावर सोडून दिलेल्या गाड्यांचा विषय निघतो. प्रत्येकाने त्या गाड्या स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या असतात. मी एकही पाहिली नाही. मला मंदी दिसली ती जॅम सुटण्यात. माझं ऑफिस दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कात. शारजातून तिथे पोचता पोचता जीव मेटाकुटीला यायचा. भाडं कमी म्हणून शारजात राहायचं आणि आयुष्य रस्त्यावर घालवायचं, असं आम्हा सगळ्यांचंच चाललं होतं. त्या डिसेंबरात जॅम सैल पडायला लागला. आधी थोडा, मग इतका की मी ऑफिसात वेळेआधी पोचून खाली गाडीतच बसून राहायचो. काल-परवापर्यंत पुढच्या गाड्यांमध्ये असलेली माणसं कुठे गेली, हे सगळ्यांना माहीत होतं. रस्ता मोकळा मिळाला की बरं वाटायचं आणि बरं वाटल्याची लाज वाटायची.

आमची कंपनी बांधकामाची होती आणि मी प्लॅनिंगमध्ये. कुठली इमारत कधी पुरी होईल याची वेळापत्रकं करणं हे माझं काम. त्या हिवाळ्यात मी पुऱ्या न होणाऱ्या इमारतींची वेळापत्रकं केली.

सुलभा फलटणजवळच्या एका गावची. तिची शाळा लांब, आणि शाळेचा रस्ता नीरेच्या कालव्याच्या कडेने. त्या भागात त्याला पाट म्हणतात. पाटाच्या भरावावर मुरूम टाकलेला, पाटबंधारे खात्याची जीप कधीमधी जाणार, एरवी गाडी नाही. सायकल वडिलांची. आधी दांड्याखालून पाय घालून अर्धं पायडल मारत, मग उंची वाढल्यावर सीटवर बसून ती शाळेला गेली. लग्न झालं आणि सायकल सुटली. शारजात पहिल्यांदा आली तेव्हा गॅलरीतून खाली बघत तिने मला विचारलं होतं, इथे माणसं चालतात कुठे? मी म्हणालो, चालत नाहीत. समोरच्या दुकानातून कोथिंबीर आणायची तर तिला भर रस्त्याच्या कडेला उभं राहून गाड्यांना दया येण्याची वाट बघावी लागायची. कोथिंबीर घेऊन ती घरी आली की अर्धा तास कुणी तिच्याशी बोलू नये असा आमच्या घरचा नियम होता.

शमीम आमच्याच मजल्यावर राहायची. खेडची, रत्नागिरी जिल्ह्यातली. तिचे यजमान युसुफभाई यांचं शारजातल्या रोला बाजारात हार्डवेअरचं दुकान होतं. सुलभा मासे खात नाही, हे शमीमला शेवटपर्यंत पटलं नाही. "तू घाटावरची, तुला काय दोष द्यायचा," असं ती म्हणायची, आणि सुलभा तिला सांगायची की तुम्हा कोकणातल्या लोकांना भाकरी थापता येत नाही, तांदळाच्या पिठाला थोपटून झोपवता तुम्ही. हे भांडण रोज चालायचं आणि त्यात दोघींचा दिवस चांगला जायचा. मुग्धा तेव्हा पुण्याला इंजिनिअरिंगला होती. शमीमला मूलबाळ नव्हतं.

त्या दिवसांत आमच्या लिफ्टशेजारी रोज नवे कागद चिकटायचे. सोफा विकणे आहे, फ्रिज विकणे आहे, पाळणा विकणे आहे. निघून चाललेली कुटुंबं. अशाच एका घरातून दोघी दोन सायकली घेऊन आल्या. मी सुलभाला चिडून म्हणालो, लोकांच्या नोकऱ्या चालल्यात आणि तुम्ही त्यांच्या सायकली उचलताय. ती म्हणाली, "मग काय त्यांनी त्या विमानात मांडीवर घेऊन बसायच्या?"

चालवायच्या कुठे, हा प्रश्न मंदीनेच सोडवला. एमिरेट्स रोडच्या पलीकडे, वाळवंटात, एका मोठ्या वसाहतीचं काम चालू होतं. तळं, बंगले, तळ्याकाठी हसणारी गोरी मुलं, असा रंगवलेला फलक होता. साइटवर ट्रक जाण्यासाठी कंत्राटदाराने खडीचा रस्ता केला होता. डोंगराकडची करडी खडी अंथरून, पाणी मारून, रोलर फिरवून घट्ट बसवलेला. डिसेंबरात काम थांबलं. ट्रक गेले, रस्ता राहिला. युसुफभाईंचा माल तिकडे जायचा म्हणून त्यांना तो माहीत. सुट्टी तेव्हा शुक्रवारची असायची. शुक्रवारी सकाळी ते पिकअपमध्ये सायकली टाकायचे आणि आम्ही चौघं निघायचो.

त्या सकाळी धुकं असायचं. दोघी पाचपन्नास पायडलं मारून त्यात नाहीशा व्हायच्या आणि मग नुसता आवाज यायचा, खडीवरून टायर जाताना कुणी कुरमुरे खातंय असा. शमीमचं हेल्मेट स्कार्फवरून घातलेलं, सुलभाची ओढणी कमरेला करकचून बांधलेली. पन्नाशीच्या बायका. मी आणि युसुफभाई पिकअपच्या मागच्या फळीवर चहा पीत बसायचो. ते संत्रं सोलून अर्धं मला द्यायचे, आणि फारसं बोलायचे नाहीत. धुक्यातून आधी हसणं यायचं, मग त्या यायच्या. परत येतानाचा सुलभाचा तो चेहरा मी तोपर्यंत पाहिलेला नव्हता. एवढ्या वर्षांच्या संसारात आपण जे पाहिलं नाही ते एका बंद पडलेल्या साइटने दाखवलं, याचंही मला तेव्हा कौतुक वाटलं नाही. थोडी चीडच आली होती.

गेल्या वर्षी मी मुग्धाला गाडी तिकडे घ्यायला लावली. वसाहत केव्हाच पुरी झालीय. तळं आहे, बंगले आहेत. बहुपदरी डांबरी रस्ते, आणि सायकलींसाठी वेगळी गुळगुळीत पट्टी, तिच्यावर सायकलचं चित्र. खडीचा रस्ता कुठून कुठे जात होता ते मला दाखवता येईना. मुग्धा म्हणाली, व्हॉट आर यू लुकिंग फॉर? मी म्हणालो, काही नाही, यल्ला, चल.

फ्रान्स आलं ते शमीमच्या धाकट्या भावाकडून. इम्तियाज जहाजांचा इंजिनिअर, फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावर जहाजं बांधतात तिथे कामाला. बहीण सायकल चालवते म्हटल्यावर त्याने फोटो पाठवले. नाँत शहराकडून निघणारा एक जुना कालवा. पूर्वी काठाने घोडे चालायचे आणि दोराने नावा ओढायचे, ती वाट आता सायकलींना मोकळी केलेली. बारीक खडी दाबून बसवलेली, दोन्ही बाजूंना झाडं, वाटेच्या तोंडाशी मोटार शिरू नये म्हणून लाकडी अडसर. थोड्या थोड्या अंतरावर पाण्याचे दरवाजे आणि दरवाजेवाल्याचं छोटं घर. आमच्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून दोघी ते फोटो पुन्हा पुन्हा बघायच्या.

"ही बघ, पाटकऱ्याची चौकी," सुलभा म्हणाली.

"अगो, तुझा पाटकरी खिडकीत गुलाब लावायचा काय?"

"गुलाब नाही. आमच्या पाटकऱ्याच्या दारात पपई होती."

मे महिन्यात जायचं ठरलं. रदों, मग जोसलँ, अशी गावं. बायका सायकलवर, आम्ही दोघं नवरे सामान घेऊन आगगाडीने पुढे. मध्येच एक जुनी रेल्वेची वाटही होती, तिच्यावरच्या स्टेशनात आता चहा-कॉफी मिळते, असं इम्तियाजने लिहिलं होतं. सुलभाला खरी भूल पडली होती ती दुसऱ्याच गोष्टीची. पोळ्या लाटताना ती मध्येच थांबून म्हणायची, "गाडीच नाही हो तिथे." मला सांगायची असं नाही. स्वतःशीच.

आता पासपोर्टचं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. त्या काळी इथल्या बऱ्याच कंपन्या माणसांचे पासपोर्ट आपल्या तिजोरीत ठेवायच्या. तसा कायदा नव्हता, पण रीत होती. रजेवर जाताना मागायचा, आल्यावर परत द्यायचा. बायकामुलांचे पासपोर्ट घरी, कमावत्या माणसाचा कंपनीत. मला त्यात कधी काही वावगं वाटलं नव्हतं. पण कर्जं बुडवून लोक पळताहेत म्हणून बोभाटा झाला आणि त्या हिवाळ्यात पासपोर्ट मागणं म्हणजे पळायची तयारी, असा अर्थ झाला. ज्याने मागितला त्याचं नाव कमी करायच्या माणसांच्या यादीत जातं, असं ऑफिसात सगळे म्हणायचे.

फेब्रुवारीत आमचे फॉर्म भरून झाले. आमच्या ऑफिसातला माणूस वकिलातीत नेऊन देईल असं मी घरी सांगितलं होतं. सुलभाचा पासपोर्ट आणि कागद घेऊन मी एचआरच्या खिडकीसमोर उभा राहिलो. माझ्यापुढे आमचाच एक सर्व्हेअर होता, लाहोरकडचा. आई आजारी आहे, पासपोर्ट हवा, असं तो हळू आवाजात सांगत होता. खिडकीतल्या माणसाने वर पाहिलंही नाही. "मिलेगा भाई, सेटलमेंट के साथ मिलेगा. खलास." सेटलमेंट म्हणजे नोकरीवरून काढताना होणारा शेवटचा हिशेब. सर्व्हेअर थोडा वेळ हसत उभा राहिला, चेष्टा असेल म्हणून. मग बाजूला झाला. माझी पाळी आली. मी मेडिकल कार्डाची झेरॉक्स मागितली. ती मिळाली. मी थँक्यू म्हणालो.

जागेवर येऊन मी सुलभाचा पासपोर्ट टेबलाच्या खालच्या खणात ठेवला आणि कुलूप लावलं.

कारणं होती. मुग्धाची फी होती, पुण्यातल्या फ्लॅटचे हप्ते होते, वयाच्या त्या टप्प्यावर दुसरी नोकरी कोण देणार हा प्रश्न होता. सगळी कारणं खरी. घरी जाऊन मला फक्त एवढंच म्हणायचं होतं, की मला भीती वाटली. ते वाक्य काही तोंडातून निघालं नाही. बांधकामाच्या धंद्यात उशिराची शंभर कारणं आम्ही लिहायचो, पावसापासून पोलादापर्यंत. भीती हे कारण त्यांत बसत नाही. त्याहून वाईट असं, की सुलभाने एकदा स्वतःहून सुचवलं होतं. "तुम्हाला रजा मिळणार नसेल तर मी एकटी जाते की. शमीम आहे, युसुफभाई आहेत." त्यासाठी नवरा म्हणून माझी एक सही पुरली असती. मी म्हणालो, दोघांचं एकत्रच दिलंय. ती गेली आणि मी राहिलो तर लोक विचारतील, का राहिलास? त्या प्रश्नाला घाबरून मी तिचं जाणं बुडवलं.

काही आठवड्यांनी पासपोर्ट घरी आणला आणि सांगितलं, व्हिसा नाही म्हणाले.

"का?"

या प्रश्नाची मी तयारी केली नव्हती. जे सुचलं ते बोललो. "तुझ्या नावावर काही उत्पन्न नाही म्हणून."

तिने पासपोर्ट उघडून पाहिला, मिटला. "म्हणजे माझ्यामुळे तुमचाही गेला," ती म्हणाली. मी म्हणालो, जाऊ दे. ती पानं घ्यायला उठली.

शमीम आणि युसुफभाईंचे व्हिसे त्याच आठवड्यात आले. त्यांना कळलं तसे ते आमच्याकडे आले. शमीमला हळहळ वाटत होती, आणि हळहळ वाटली की ती हातपाय हलवायची. पुन्हा अर्ज करू, इम्तियाजला पत्र द्यायला सांगू, बघू तरी काय लिहिलंय. सुलभाने तिला पासपोर्ट दिला. शमीमने शेवटची पानं उलटून पाहिली आणि सरळपणे म्हणाली, "नाकारला तर मागे स्टँप मारतात गो. इथे तर काहीच नाही."

मी चहा ओतत होतो. मला आठवतंय, कप भरला तरी मी ओतत राहिलो आणि बशीत चहा सांडला. युसुफभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी फडकं आणायला आत गेलो.

आत मी मुद्दाम वेळ काढला. बाहेर आलो तेव्हा सुलभाचा चेहरा बदललेला होता. तिला वाटलं, शमीम म्हणतेय की तुम्ही अर्जच केला नाहीत, पैशाला घाबरलात आणि आता खोटं सांगताय. माझी बायको कधी खोटं बोलत नाही, आणि खोटेपणाचा आळ तिला चालत नाही. तिने शमीमच्या हातातून पासपोर्ट काढून घेतला. दोघं उठून गेले.

त्यानंतर मंडळाचा पाडव्याचा कार्यक्रम आला. तिथे कुणीतरी सहज विचारलं, काय सुलभाताई, फ्रान्सची तयारी कुठवर? शमीम शेजारीच उभी होती. सुलभा म्हणाली, "ज्यांचे भाऊ तिकडे बसलेत त्यांना मिळतात व्हिसे. आम्ही आपले सरळ मार्गाने गेलो, म्हणून राहिलो." आजूबाजूला आमची दहावीस माणसं होती. सगळ्यांनी ऐकलं. काहींनी मान डोलावली. शमीमने हातातली श्रीखंडाची वाटी टेबलावर ठेवली आणि युसुफभाईंना शोधत गर्दीतून निघून गेली. मी तिथेच होतो. सरळ मार्ग हे शब्द ऐकले आणि श्रीखंड खात राहिलो.

ते दोघं मे महिन्यात जाऊन आले. आल्यावर शमीमने दार वाजवलं होतं, सुलभाने उघडलं नाही. वर्षभराने त्यांनी घर बदललं, मग कधीतरी ते खेडला परत गेल्याचं कानावर आलं. सायकल आम्ही कुणाला तरी देऊन टाकली.

माझी नोकरी जुलैत गेली. पासपोर्ट न मागताच हातात मिळाला, सेटलमेंटसोबत. त्या दिवशी मला हसू यायला हवं होतं, आलं नाही. पुढे शारजातच एक बारीकशी नोकरी मिळाली आणि निवृत्तीपर्यंत तीच केली. म्हणून मंडळात मी मंदीत टिकलेला माणूस. नव्या मुलांना माझ्याकडे बोट दाखवून सांगतात, काकांकडून शिका. काय शिकायचं ते मला विचारत नाहीत हे बरं आहे.

सुलभाने त्याच जूनपासून गणिताच्या शिकवण्या सुरू केल्या. तिच्या हाताखालून आमच्या इमारतीतली निम्मी पोरं गेली. इंग्रजीत उत्तरं देणारी, पाढे न येणारी पोरं तिने वळणावर आणली. बँकेत स्वतःच्या नावाने खातं उघडलं. सगळ्यांनी तिचं कौतुक केलं, बघा, मंदीतून ही बाई कशी उभी राहिली. ती कशासाठी शिकवत होती ते मला एकट्याला माहीत होतं. पुढच्या वेळी आपल्या नावावर उत्पन्न असावं म्हणून. पुढची वेळ मात्र तिने कधी काढली नाही. पुन्हा नाही म्हणाले तर, असं तिला वाटत असणार. टीव्हीवर फ्रान्स लागलं की ती चॅनेल बदलायची.

आणि आता मुग्धाची ही सायकल. गेल्या महिन्यात एका शनिवारी सकाळी ती व्हिसाचा फॉर्म भरायला लॅपटॉप घेऊन टेबलाशी बसली. तिने ठरवलं होतं, आईलाही न्यायचं. तिथे बॅटरीच्या सायकली भाड्याने मिळतात, गुडघ्यांचा प्रश्न नाही. सुलभा नको नको म्हणत तिच्या शेजारी बसली. नको म्हणताना ती फोटोंकडे बघत होती. मग म्हणाली, "आधी एकदा नाकारलाय ते लिही."

"आई, ते विचारलंच नाहीये."

"विचारलं नसलं तरी लिही. नंतर सापडलं तर तुला त्रास होईल. अहो, कोणत्या महिन्यात नाकारला होता? तुम्हाला आठवत असेल, सांगा तिला."

मुग्धाची बोटं कीबोर्डवर थांबली होती. खिडकी उघडी होती, खालून गाड्यांचे हॉर्न येत होते. इतकी वर्षं मी गप्प बसून खोटं बोललो होतो. आता मला ते महिन्यासकट बोलावं लागणार होतं.

"लिहू नकोस," मी म्हणालो. "नाकारला नव्हता. मी दिलाच नव्हता अर्ज."

मग सगळं सांगितलं. खिडकीतला माणूस, झेरॉक्स, खालचा खण. सांगताना मला सारखं वाटत होतं की आता सुलभा मध्ये बोलेल. मुग्धा 'बाबा' एवढंच म्हणाली आणि तिने लॅपटॉप मिटला. सुलभाने बराच वेळ टेबलावरच्या एका डागावर बोट फिरवलं. फ्रान्सबद्दल ती काही म्हणेल, उत्पन्नाबद्दल म्हणेल, अशी माझी समजूत. ती म्हणाली, "मी शमीमला लोकांसमोर काय बोलले."

मी म्हणालो, चूक माझी आहे.

"ते कळलं मला. तुमची काय ती तुम्ही बघा. मी काय बोलले ते मी बोलले." मग उठली. "नंबर शोधा तिचा. आधी तुम्ही बोलायचं. आत्ता मला सांगितलंत तस्संच, एक शब्द कमी नाही."

नंबर मंडळातल्या एकाकडून मिळाला. संध्याकाळी फोन स्पीकरवर ठेवून मी शमीमला सगळं सांगितलं. सुलभा समोर बसली होती.

"युसुफ गेले, भावजी," शमीम म्हणाली. "करोनात. तुम्हाला कळलं नसेल."

आम्हाला कळलं नव्हतं. सुलभाने तोंडावर हात ठेवला.

"त्यांना त्याच दिवशी समजलं होतं. तुमच्याकडून घरी आलो तसे मला म्हणाले, स्टँपचं कशाला काढलंस तू. त्याचा पासपोर्ट कंपनीत असतो, तो आत्ता कसा मागेल? बायकोसमोर कसा कबूल होईल? म्हणाले, गप्प राहा. चार दिवसांत तो आपणहून बोलेल. आम्ही वाट बघितली, भावजी."

इतकी वर्षं जे सांगायला मी घाबरत होतो ते एका माणसाला न सांगता कळलं होतं, आणि त्याला त्यात लाजण्यासारखं काही वाटलंही नव्हतं. तो पिकअपच्या फळीवर माझ्या शेजारी संत्रं सोलत बसायचा. तिथे म्हणालो असतो तरी चाललं असतं. त्याने मान हलवली असती आणि पुढची फोड दिली असती. मग माझ्या सहीवर सुलभा त्यांच्याबरोबर गेली असती. एवढंच होतं ते. एवढ्याशा गोष्टीचं मी काय करून ठेवलं.

सुलभाने माझ्या हातातून फोन घेतला. "शमीम, मी," ती म्हणाली.

"काय गो," पलीकडून आलं. "बोल. मी आहे."

सुलभा फोन घेऊन आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

त्या आठवड्यातच तिने खेडला जायचं ठरवलं. मी येऊ का विचारलं. नको म्हणाली, आम्हाला बोलायचंय. फ्रान्सचं काय, असं मुग्धाने विचारलं तर आल्यावर बघू, म्हणाली. निघताना मला एक काम सांगून गेली. हे सगळं लिहायचं आणि मंडळाच्या अंकात छापायला द्यायचं. "मी चारचौघांत बोलले होते, चारचौघांतच ते खोडून निघू दे. आणि स्वतःबद्दल फार रडगाणं गाऊ नका." शेवटची सूचना मला पाळता आली नाही असं दिसतं.

दहा दिवसांसाठी म्हणून गेली होती. तिकीट पुढे ढकललंय. इथे हवा सुंदर आहे, सगळे सांगतात. काल दुपारी मी फोन केला तर तो शमीमने उचलला. सुलभा जेवून झोपली होती. उठवू का, म्हणून तिने विचारलं. मी नको म्हणालो.

"लिहिलंत का, भावजी?"

"लिहितोय."

"लिहा सावकाश," शमीम म्हणाली. "ती इथेच आहे."